फ्लॅपचा जीव देठात, नजर टोकावर: पेशंटजवळ पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी

गुऱ्हाळाच्या चरकात हात गेलेला, उसाच्या ट्रॉलीखाली पाय सापडलेला, हायवेवर दुचाकी घसरून नडगीचं हाड उघडं पडलेलं. बेळगावच्या सर्जरी वॉर्डात असे पेशंट निपाणी, चिकोडी, संकेश्वर, खानापूर, अथणी अशा सगळ्या बाजूंनी येतात. राउंडला डॉक्टर सांगून जातात, "फ्लॅप करावा लागेल." घरचे मान हलवतात आणि डॉक्टर पुढच्या कॉटकडे वळले की माझ्याकडे येऊन हळूच विचारतात, "सिस्टर, फ्लॅप म्हंजे काय ओ?"

या वॉर्डात नर्स म्हणून माझी बरीच वर्षं गेली. रात्री पेशंटच्या उशाशी बसणारी आई, बायको, भाऊ आणि नुकत्याच ड्युटीवर आलेल्या नव्या मुली, या दोघांसाठी हे लिहिते आहे. सर्जन ऑपरेशन करून जातात. पुढचे दोन-तीन दिवस फ्लॅपवर सर्वांत जास्त वेळ नजर असते ती तुमची.

आधी फ्लॅप आणि ग्राफ्ट यांतला फरक

कातडी लावणं दोन प्रकारचं असतं. ग्राफ्टमध्ये मांडीवरून कातडीचा पातळ थर पूर्ण सोडवून काढतात आणि जखमेवर अंथरतात. त्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पहिले एक-दोन दिवस तो खालच्या जखमेतला ओलावा शोषून तग धरतो, मग खालच्या बारीक रक्तवाहिन्या त्याच्या रक्तवाहिन्यांना जुळायला लागतात आणि चार-पाच दिवसांत रक्त खेळू लागतं. म्हणजे खालची जागा रक्ताची हवी. उघडं हाड, उघडा स्नायुबंध यांच्यावरचं पातळ आवरण निघून गेलेलं असेल तर तिथे ग्राफ्ट धरत नाही. पेरणी खडकावर केल्यासारखं होतं.

अशा ठिकाणी फ्लॅप लागतो. कातडी, तिच्याखालची चरबी, कधी स्नायूसुद्धा, असा जाड तुकडा उचलतात, पण त्याची एक बाजू शरीराला जोडलेली ठेवतात. त्या जोडलेल्या भागाला आपण देठ म्हणू. देठातून धमनी रक्त आत आणते आणि नीला ते परत नेते. फ्लॅप आपली शिदोरी बरोबर घेऊन येतो, म्हणून तो उघड्या हाडावरही जगतो. काही वेळा तुकडा पूर्ण सोडवून लांबच्या जागी नेतात आणि त्याच्या रक्तवाहिन्या तिथल्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली टाक्यांनी जोडतात. तो फ्री फ्लॅप. त्याचा सगळा जीव काही मिलिमीटरच्या दोन-तीन जोडांवर असतो.

देठ सांभाळायचा, हे आपल्याकडे फार जुनं शहाणपण आहे. सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीने नाक करण्याची पद्धत आहे. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझीन'मध्ये पुण्याकडच्या एका शस्त्रक्रियेची हकीकत छापून आली. इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा मराठा गाडीवान १७९२ च्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचं नाक व एक हात कापला गेला. वर्षभराने पुण्याजवळच्या, विटा भाजणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला कपाळाच्या कातडीचं नाक बसवून दिलं. मेणाच्या पातळ पत्र्याने माप घेतलं, कपाळावर आखलं, कातडी सोडवली आणि दोन डोळ्यांच्या मधे एक अरुंद पट्टी तशीच जोडलेली ठेवली. कात पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांवर लावला आणि त्या पट्ट्या वर बसवल्या. मधली जोडपट्टी सुमारे पंचविसाव्या दिवशी कापली. आज कपाळाचा फ्लॅप करून आम्ही देठ साधारण तीन आठवड्यांनी कापतो. त्या माणसाजवळ सूक्ष्मदर्शक नव्हता, पण रक्त कुठून येतं आणि किती दिवस ती वाट मोकळी ठेवावी लागते हे त्याला नेमकं माहीत होतं.

पाट आणि चर

घटप्रभेच्या कालव्यावर शेती असणाऱ्यांना फ्लॅप समजावणं मला सर्वांत सोपं जातं. कालव्याच्या तोंडाशी असलेल्या शेताला पाणी मिळतंच. ओरड असते ती शेवटच्या वाफ्याची. फ्लॅपचंही तसंच. देठाजवळची कातडी सहसा ठीक असते आणि मरते ती टोकाकडची. म्हणून फ्लॅप बघताना नजर आधी देठापासून सर्वांत लांबच्या कडेवर न्यायची.

दुसरी गोष्ट निचऱ्याची. पाणी नुसतं येऊन चालत नाही, चरातून ते बाहेरही गेलं पाहिजे, नाहीतर रान पाणथळ होऊन पीक कुजतं. धमनी म्हणजे पाट आणि नीला म्हणजे चर. नवखी माणसं फक्त पाटाकडे बघतात. माझ्या अनुभवात चर तुंबल्याने बिघडलेले फ्लॅप कमी नाहीत, कारण नीलेची भिंत पातळ असते आणि थोड्या दाबाने, थोड्या पिळाने ती मिटते.

आधी सर्जन मंडळी लांबी-रुंदीचा हिशोब धरत. देठ जितका रुंद, तितका लांब फ्लॅप जगेल असं मानत. १९७० मध्ये मिल्टन यांनी डुकरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की रुंदी वाढवल्याने लांबी वाढत नाही. देठात कोणती रक्तवाहिनी आहे यावर सगळं ठरतं. १९८७ मध्ये टेलर आणि पामर यांनी माणसाच्या शरीरात कातडीला रक्त देणाऱ्या सरासरी ३७४ मुख्य शाखा मोजल्या आणि कोणती धमनी किती भागाला रक्त पुरवते याचा नकाशा मांडला. ऑपरेशनच्या आधी सर्जन पेनाएवढं डॉपलर यंत्र (रक्त वाहण्याचा आवाज ऐकवणारं) कातडीवर फिरवून शाईने फुल्या मारतात, त्या याच शाखांच्या असतात. अंघोळ घालताना त्या फुल्या पुसू नका.

ऑपरेशनच्या आधी: तंबाखू

इथे मी थांबून बोलणार आहे, कारण आपल्या भागात हा विषय घराघरातला आहे. निपाणीच्या तंबाखूवर किती संसार उभे राहिले हे मला माहीत आहे. माझ्या नात्यातल्या बायकांनी विड्या वळून पोरं शिकवली. त्या कष्टाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण फ्लॅपला तंबाखू चालत नाही.

निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं. विडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद कमी करतो. म्हणजे पाट अरुंद होतो आणि जे पाणी येतं तेही कसदार नसतं. आधी तहानतो तो शेवटचा वाफा. ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर निदान चार आठवडे आधी सगळं बंद करायला सांगतात. अपघातात एवढी सवड मिळत नाही, तेव्हा ॲडमिट झाल्या क्षणापासून बंद.

"सगळं" या शब्दात मिश्री येते. डॉक्टर विचारतात, "स्मोकिंग?" घरचे सांगतात, "नाही, अजिबात नाही." आणि सकाळी आजीच्या बोटावर काळी मिश्री दिसते. आजी खोटं बोललेली नसते, तिच्या दृष्टीने ते दात घासणं असतं. पण भाजलेल्या तंबाखूतलं निकोटिन हिरडीतून रक्तात जातंच. गालात धरलेली चिमूट, तपकीर, गुटखा, सगळं त्यातच आलं. नव्या मुलींनो, विचारताना नाव घेऊन विचारा: "मिश्री लावता का? तंबाखू खाता का?" रागावून विचारू नका. रागावलं की खरं उत्तर मिळत नाही. आणि पाहुण्यांना विडी ओढून थेट कॉटजवळ येऊन बसू देऊ नका.

साखरेचा आजार असेल तर साखर आटोक्यात हवी. रक्त कमी असेल तर ते डॉक्टर बघतील.

पहिले तीन दिवस: काय बघायचं

पहिल्या दिवशी आम्ही फ्लॅप तासाला बघतो आणि पुढे हळूहळू अंतर वाढवतो. फ्री फ्लॅपच्या जोडांमध्ये गाठ अडकलीच तर बहुतेक वेळा पहिल्या ४८ ते ७२ तासांत अडकते. रक्ताशिवाय कातडी काहीच तास धीर धरते, म्हणून "सकाळी राउंडला सांगू" हे वाक्य या तीन दिवसांत वॉर्डात नको.

उजेड आधी नीट करा. पिवळ्या दिव्याखाली निळसर रंग लपतो. दर वेळी तोच पांढरा उजेड, तीच बाजू ठेवा. मोबाइलवर फोटो काढायची डॉक्टरांची परवानगी असेल तर तोही त्याच जागेवरून काढा, कारण बदल दिसतो तो दोन फोटो शेजारी ठेवल्यावर. फ्लॅपचा रंग तो जिथून उचलला त्या जागेसारखा असतो, जिथे बसवला तिथल्यासारखा नव्हे. मांडीची कातडी हातावर आली तर ती हातापेक्षा उजळ दिसणारच, घाबरू नका. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर रंगातला बदल उशिरा कळतो, तेव्हा एकट्या रंगावर विसंबायचं नाही.

मग हात धुऊन बोटांच्या मागच्या बाजूने फ्लॅपचा आणि शेजारच्या कातडीचा ऊबदारपणा ताडून बघायचा. नंतर फ्लॅपवर बोट हलकेच दाबायचं, पांढरा ठसा उमटला की सोडायचं आणि घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघायचं. ठसा दोन-तीन सेकंदांत भरला तर ठीक. हात लावण्याचं काम नर्सचं आहे. घरच्यांनी, कोणी शिकवल्याशिवाय, फक्त डोळ्यांनी बघावं.

पाट अडला तर फ्लॅप फिकट पडतो, गार लागतो, मऊ आणि सुरकुतल्यासारखा दिसतो. दाबलेला ठसा भरायला वेळ लागतो. सर्जनने सुई टोचली तर रक्त येतच नाही किंवा फार उशिरा येतं. चर तुंबला तर उलट. फ्लॅप जांभळा-निळा होतो, फुगतो, ताठरतो, टाके कातडीत रुतल्यासारखे दिसतात आणि टोचलं की लगेच काळसर रक्त येतं. आणि दाबलेला ठसा क्षणात भरतो.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. मी नवी होते तेव्हा, दुसऱ्या एका ठिकाणी, रात्रीच्या ड्युटीवर एका पायाच्या फ्लॅपवर बोट दाबलं. ठसा एका सेकंदाच्या आत भरला. मला बरं वाटलं. 'रक्त जोरात आहे' असं समजून चार्टवर "चांगलं" लिहिलं. प्रत्यक्षात आत रक्त तुंबून राहिलं होतं, म्हणूनच बोट उचलताच ते परत धावत होतं. सकाळपर्यंत अर्धा फ्लॅप वांग्याच्या रंगाचा झाला आणि पुढे तो गेला. त्या माणसाला पुन्हा ऑपरेशन लागलं. ठसा फार उशिरा भरणं वाईट, तसंच फार लवकर भरणंही वाईट, हे मी तेव्हापासून प्रत्येक नव्या मुलीला पहिल्याच दिवशी सांगते.

डॉपलर लावला असेल तर त्याचा आवाजही ओळखीचा करून घ्या. धमनीचा आवाज ठोक्याठोक्याने येतो, नीलेचा वाऱ्यासारखा सलग. सर्जनने फ्लॅपवर एखादा वेगळा टाका किंवा खूण ठेवलेली असते, यंत्र तिथेच टेकवायचं.

दाब, पीळ, थंडी

फ्लॅपचं नुकसान करणाऱ्या गोष्टी बहुतेक वेळा साध्या असतात. घट्ट बँडेज, देठावर आलेली उशीची कड, फ्लॅपखाली साचलेलं रक्त. ड्रेनच्या (फ्लॅपखालचं रक्त बाहेर काढणाऱ्या नळीच्या) बाटलीत अचानक काही येईनासं झालं आणि फ्लॅप फुगू लागला, तर नळी गुठळीने अडली असेल. लगेच सांगा.

हाताच्या जखमेवर जांघेचा फ्लॅप केला की हात तीन आठवडे जांघेलाच जोडलेला असतो. पेशंट जागा असताना सांभाळतो, झोपेत हात ओढतो. एका कोवळ्या पोराचा असा फ्लॅप होता. दुसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला त्याची आई टेबलाशी आली आणि म्हणाली, "सिस्टर, कडेला जांभळाच्या सालीगत दिसाय लागलंय." मी टॉर्च घेऊन गेले. कोपराखाली ठेवलेली टॉवेलची गुंडाळी खाली फरशीवर पडली होती. कोपर खचलं होतं आणि देठाला पिळलेल्या धुण्यासारखी एक वळी पडली होती. डॉक्टरांना फोन केला, गुंडाळी परत कोपराखाली सारली, तशी वळी सुटली. डॉक्टरांनी येऊन दोन टाके काढले. अर्ध्या तासात रंग मागे सरला. नखाएवढी कड पुढे काळी पडली, बाकी सगळा फ्लॅप धरला. त्या मावशींनी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. त्या रात्रभर एकटक कडेकडे बघत बसल्या होत्या, तेवढ्याने पोराचा हात वाचला.

तेव्हा दर वेळी फ्लॅप बघताना देठ, गुंडाळ्या, पट्ट्या यांच्यावरूनही नजर फिरवा. पायाचा फ्लॅप असेल तर पाय उंचावर, सांगितलेल्या उंचीवरच ठेवा आणि पेशंटला पाय खाली सोडून बसू देऊ नका. पाय लोंबला की चर तुंबतो. नडगीच्या खालच्या एक-तृतीयांश भागात मुळातच मांस कमी आणि रक्तपुरवठा बेताचा, म्हणून तिथल्या फ्लॅपला जास्त जपावं लागतं.

बेळगावची थंडी पाहुण्यांना आवडते, फ्लॅपला नाही. गारठ्याने रक्तवाहिन्या आखडतात. डिसेंबर-जानेवारीत आणि खानापूरकडून पावसाचं गार वारं सुटतं तेव्हा कॉटजवळची खिडकी लावून घ्या, पंखा बंद ठेवा, अंगावर घोंगडी द्या. पण फ्लॅपवर गरम पाण्याची पिशवी कधीही ठेवू नका. नव्या फ्लॅपला संवेदना नसते. भाजलं तरी पेशंटला कळत नाही. हळद, तूप, खोबरेल, अंगारा यांतलं काही लावू नका. तुमची श्रद्धा मला समजते, अंगारा कपाळाला लावा. फ्लॅपवर लावला तर आम्हाला रंग दिसत नाही.

डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर पाणी भरपूर पाजा आणि दुखत असेल तर सांगा. दुखणं सोसल्यानेही रक्तवाहिन्या आवळतात.

सांगायचं कसं

आपल्या भागात रात्रीच्या सिस्टर बऱ्याचदा कानडी बोलणाऱ्या असतात आणि गावाकडून आलेल्या मराठी माणसाची जीभ अडते. मग ते संकोचाने बसून राहतात. एवढे चार शब्द पाठ करा. "अक्का, स्वल्प नोडरी" म्हणजे ताई, जरा बघा. "तण्णग आगेती" म्हणजे गार पडलंय. "नीली आगेती" म्हणजे निळं झालंय. "बावू बंदेती" म्हणजे सूज आलीय. उच्चार चुकला तरी कोणी हसत नाही, उलट त्या धावत येतात. आणि कानडी मुलींना मी याच शब्दांचं मराठी शिकवते, कारण समोरची आजी "गारढोण झालंय बघ" असंच म्हणणार असते.

बोलावल्यावर फ्लॅप ठीक निघाला तरी ओशाळू नका. दहा वेळा उगाच बोलावलेलं परवडतं.

बिघाड वेळेत कळला तर डॉक्टरांच्या हातात बरंच असतं: पट्टी सैल करणं, टाके काढणं, साचलेलं रक्त काढणं, पुन्हा थिएटरमध्ये नेऊन जोड तपासणं. नीला तुंबली असेल तर काही ठिकाणी औषधी जळवा लावतात. जळूच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, आणि जळू सुटल्यावरही तिथून तासन्‌तास रक्त पाझरत राहतं, तोच तात्पुरता चर होतो. जांबोटीच्या रानातली जळू आणून लावण्याचा विचारसुद्धा करू नका. जळवांच्या पोटात जंतू असतात, म्हणून वैद्यकीय जळवा लावतानाही अँटिबायोटिक सुरू ठेवावं लागतं.

घरी जाताना आणि तीन आठवड्यांनी

टोकाला कोरडी काळी कड आली म्हणजे सगळा फ्लॅप गेला असं नाही. बऱ्याचदा तेवढाच भाग वाळतो आणि जिवंत-मेलेल्याची रेघ स्पष्ट व्हायला काही दिवस जाऊ द्यावे लागतात. ती खपली घरी ओढून काढू नका. ओल, वास, ताप, पसरत जाणारा लालपणा दिसला तर मात्र थांबू नका. निपाणी इथून सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर आहे, अथणी त्याहून कितीतरी लांब. म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच वॉर्डचा फोन नंबर लिहून घ्या आणि रात्री गाडी कोणाची मिळेल हे ठरवून ठेवा.

देठाचा फ्लॅप जांघेला किंवा कपाळाला जोडलेला असेल तर या काळात खालच्या जखमेतून नव्या रक्तवाहिन्या त्यात शिरत असतात. देठ कापायच्या आधी काही सर्जन तो चिमट्याने किंवा रबराने थोडा वेळ दाबून बघतात, रोज वेळ वाढवत नेतात. देठ बंद असताना फ्लॅपचा रंग टिकला म्हणजे त्याला नव्या जागेचं पाणी लागलं. तो दाबलेला असताना पेशंटला चहा पाजायला म्हणून उठवू नका, आणि वेळ झाल्यावर चिमटा सुटलाय ना हे सिस्टरला विचारा.

मग देठ कापायचा दिवस येतो. थिएटरमध्ये देठ कापला की सर्जन काही क्षण हात थांबवतात आणि फ्लॅपच्या कापलेल्या कडेकडे बघतात. तिथे तांबड्या रक्ताचे बारीक थेंब उभे राहिले की मग पुढचे टाके घालायला घेतात.